लांबच्या डीलरकडून नवीन आरव्ही घ्यायचीय? सही करायच्या आधी एवढं सगळं करा

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो आणि आमचा ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे ट्रकमागे ओढून न्यायची आरव्ही (चाकांवरचं घर), इंडियानातून आणलाय, एका बाजूने जवळपास ६७० मैल. तेव्हापासून मंडळातल्या निदान पाच-सहा जणांनी फोन करून विचारलंय की एवढ्या लांबून घ्यावं का, खरंच स्वस्त पडतं का, फसवत नाहीत ना. दर वेळी तासभर बोलणं होतं म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतोय.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. डीलर गावातला असला की काही बिघडलं तर ट्रेलर परत नेऊन त्याच्या दारात उभा करता येतो. सातशे मैल लांबच्याकडे ते होत नाही. त्यामुळे जे काही बघायचं, विचारायचं, भांडायचं, दुरुस्त करून घ्यायचं ते सही करायच्या आधी. आणि अमेरिकेत तीन दिवसांत व्यवहार रद्द करता येतो असं आपल्याकडे बरेच जण समजून असतात ना, तो नियम डीलरच्या जागेवर जाऊन केलेल्या खरेदीला लागूच होत नाही. सही झाली की ट्रेलर तुमचा.

इंडियानाच का, तर इथल्या बहुतांश आरव्ही एल्कहार्ट आणि त्याच्या आसपासच्या गोशेन, मिडलबरी अशा छोट्या गावांतच बनतात. विनेबागोचं मूळ गाव आयोवातलं फॉरेस्ट सिटी आणि एअरस्ट्रीम ओहायोतल्या जॅक्सन सेंटरला बनते, असे काही अपवाद सोडले तर सगळा बाजार तिकडेच. आणि ब्रँड शंभर दिसले तरी मालक मोजकेच आहेत. जेको २०१६ मध्ये थॉरने विकत घेतली, ग्रँड डिझाइन त्याच वर्षी विनेबागोने, आणि फॉरेस्ट रिव्हर २००५ पासून वॉरन बफेच्या बर्कशायरकडे आहे. आत बघाल तर खालची फ्रेम लिपर्टची, एसी नाहीतर फ्रिज डोमेटिकचा, हे वेगवेगळ्या ब्रँडमध्ये पुन्हा पुन्हा दिसतं. म्हणून अमुक ब्रँड म्हणजे भारी असा हट्ट धरू नका. ज्या दिवशी तुमचा ट्रेलर बनला त्या दिवशी काम किती काळजीने झालं यावर जास्त अवलंबून असतं, आणि ते फक्त तपासणीत कळतं.

आधी आपली गाडी काय ओढू शकते ते बघा

ही पायरी सगळे शेवटी करतात, मीही तेच करणार होतो. सेल्समन फोनवर सांगतो, तुमचा ट्रक अकरा हजार पौंड ओढतो, काही काळजी करू नका. तो आकडा बाजूला ठेवा. ड्रायव्हरचं दार उघडा, चौकटीवर पिवळा-पांढरा स्टिकर असतो, त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाऊ नये. तो तुमचा खरा पेलोड, आणि तो तुमच्याच गाडीचा असतो, ब्रोशरमधला नाही.

ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के वजन हिचवर (ट्रेलर जोडायचा सांधा), म्हणजे तुमच्या ट्रकवर येतं. मी १३ टक्के धरतो. यात ट्रेलरचं रिकामं वजन धरायचं नाही, जास्तीत जास्त भरलेलं धरायचं, जीव्हीडब्ल्यूआर म्हणून लिहिलेलं असतं ते. आमच्या ट्रकचा पेलोड १६८० पौंड. आम्हाला आधी आवडलेल्या ट्रेलरचा जीव्हीडब्ल्यूआर ८८००, त्याचे १३ टक्के म्हणजे ११४४, वर हिचचं स्वतःचं वजन ८०, उरले ४५६ पौंड. आम्ही दोघं, मुलगा आणि साताऱ्याहून येणारे आई-बाबा मिळूनच ६८० च्या आसपास होतो, मग कसं जमणार. शेवटी ६५०० वाला घेतला. ८४५ अधिक ८०, उरले ७५५, पाच माणसं नीट बसतात आणि बॅगा ट्रेलरमध्ये. पाणी विसरू नका, एक गॅलन पाणी ८.३ पौंड, ४० गॅलनची टाकी भरली की तीनशे तीस पौंड आलेच.

आई-बाबांना डोळ्यासमोर ठेवून घेणार असाल तर आणखी एक. बहुतेक राज्यांत चालत्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये माणसं बसू शकत नाहीत. आमचे बाबा भारतातून फोनवर म्हणाले होते, मी मागे निवांत पडून येईन, तर तसं चालत नाही. प्रवासात झोपायची, बाथरूमला जायची सोय हवी असेल तर मोटरहोम बघा, त्याचं गणित वेगळं आहे, त्यातही बेल्ट असलेल्या सीट किती ते मोजा.

मॉडेल प्रत्यक्ष बघितल्याशिवाय डिपॉझिट देऊ नका

लांबून घ्यायचं म्हणजे न बघता घ्यायचं असं नाही. तेच मॉडेल जवळ कुठेतरी उभं असतंच. आमच्या भागातल्या लोकांसाठी सगळ्यात सोपं म्हणजे पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीला सप्टेंबरमध्ये भरणारा आरव्ही शो, एडिसनहून अडीच तासांत पोचता. तिथे नुसतं फिरू नका. पलंगावर दोघं आडवे पडा, बाथरूमचं दार लावून आत बसून बघा, स्लाइड (बाहेर सरकणारा भिंतीचा भाग) आत घेतल्यावर फ्रिज आणि बाथरूमपर्यंत पोचता येतं का विचारा, कारण वाटेत रेस्ट एरियाला थांबल्यावर स्लाइड बाहेर काढायला जागा नसते. माझी बायको तर कुकरचं आणि तव्याचं माप घेऊन गेलेली, आणि बरं झालं, कारण एका मॉडेलमध्ये शेगडीच्या वरचं कपाट इतकं खाली होतं की कुकरची शिट्टी त्याला लागली असती.

भाव कसा काढायचा

नक्की मॉडेल, नक्की पर्याय ठरले की चार-पाच डीलरना ईमेल करा, फोन नाही. ईमेलमध्ये एकच प्रश्न, सगळं धरून दाराबाहेर पडायचा भाव किती. फ्रेट (कारखान्यातून आणायचा खर्च), प्रेप (ट्रेलर तयार करून द्यायचा), डॉक फी (कागदपत्रांची), बॅटरी, गॅसचे सिलिंडर, सगळं त्यात आलं पाहिजे. एमएसआरपी (कंपनीची छापील किंमत) बघून हुरळून जायचं नाही, ओढायच्या ट्रेलरवर त्याच्या २५ ते ३० टक्के खाली भाव मिळणं अगदी नेहमीचं आहे. आमच्या ट्रेलरची एमएसआरपी ४६ हजार होती, जवळच्या डीलरने ३८ सांगितले, इंडियानाच्या एकाने साडेबत्तीस.

साडेपाच हजारांचा फरक बघून लगेच निघायचं नाही, आधी जाण्यायेण्याचा खर्च मांडायचा. आम्हाला पेट्रोल आणि टोल मिळून साडेचारशेच्या आसपास, मोटेल आणि कॅम्पग्राउंड मिळून तीनशे, तपासणीवाल्याचे सातशे. येताना ट्रेलर मागे असताना ट्रक गॅलनला जेमतेम दहा मैल देतो हे धरा. तरीही चार हजार वाचले. फरक दोन हजारांच्या आत असता तर मी जवळच्याकडूनच घेतला असता, आणि सातशे डॉलर तपासणीवर घालवायची तयारी नसेल तर लांबून घेऊच नका, हे मी अगदी मनापासून सांगतो.

हाच आकडा घेऊन आधी जवळच्या डीलरकडे जा. त्याने हजार-दीड हजारांपर्यंत जवळ आणला तर विषय संपला.

भाव ठरला की त्या नेमक्या ट्रेलरचा व्हिन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) मागा, फोटोवाला वेगळा आणि कागदावरचा वेगळा असं व्हायला नको. सतरा आकडी व्हिनमधलं दहावं अक्षर मॉडेल वर्ष सांगतं, आर म्हणजे २०२४, एस म्हणजे २०२५, टी म्हणजे २०२६. लॉटवर वर्षभर उन्हापावसात उभा असलेला मागच्या वर्षीचा ट्रेलर नवीन म्हणूनच विकतात. कायद्याने तो नवीनच असतो, पण भाव त्याप्रमाणे उतरला पाहिजे. मग सेल्समनला व्हिडिओ कॉल करून तोच ट्रेलर दाखवायला सांगा, सुरुवात व्हिनच्या स्टिकरपासून.

डिपॉझिट क्रेडिट कार्डने, पाचशे ते हजार, आणि ईमेलमध्ये हे वाक्य हवंच की ट्रेलर प्रत्यक्ष तपासून पसंत पडला नाही तर पूर्ण पैसे परत. हे लिहून द्यायला जो का-कू करतो त्याला सोडा. आणि मोठी रक्कम वायर करायची वेळ आली तर ईमेलमध्ये आलेल्या अकाउंट नंबरवर कधीच डोळे झाकून पाठवू नका, डीलरचा मुख्य नंबर स्वतः शोधून फोन करून खात्री करा.

लोन, टॅक्स, इन्शुरन्स

लोन आधी आपल्या क्रेडिट युनियनकडून (सभासदांची पतसंस्था) मंजूर करून न्या. डीलरचा फायनान्सवाला बँकेच्या व्याजदरावर आपला थोडा भाग चढवू शकतो, हातात दुसरं मंजूर लोन असलं की तो आपोआप सरळ बोलतो. त्याच खोलीत एक्स्टेंडेड वॉरंटी, कापडाचं प्रोटेक्शन, टायरचं पॅकेज असं एकेक पुढे येतं, दिवसभर उन्हात फिरून तुम्ही थकलेले असता आणि महिन्याला फक्त अमुक डॉलर असं ऐकून हो म्हणता. एकूण रक्कम विचारा, नाही म्हणा, घरी येऊन विचार करा.

टॅक्स साधारणपणे जिथे नोंदणी करणार तिथे भरायचा असतो, आमचा न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के. पण काही राज्यं बाहेरच्या गिऱ्हाइकाकडूनही डिलिव्हरीच्या वेळीच टॅक्स घेतात, म्हणून तो कुठे आणि किती भरायचा हे डीलरकडून लेखी घ्या आणि आपल्या राज्याच्या मोटर व्हेइकल ऑफिसमध्ये ताडून बघा. तिकडे भरला असेल तर पावती जपा, बहुतेक राज्यं त्याचं क्रेडिट देतात. मोंटानात टॅक्स नाही म्हणून तिथे कंपनी काढून गाडी तिच्या नावावर घ्या असा सल्ला देणारे भेटतील, त्या फंदात पडू नका, राहता न्यू जर्सीत तर टॅक्स न्यू जर्सीचा.

इन्शुरन्स निघायच्या आधी सुरू हवा. ट्रकची लायबिलिटी (दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई) सहसा ट्रेलर ओढताना लागू होते, पण ट्रेलरचं स्वतःचं नुकसान त्यात येत नाही, त्याला वेगळी पॉलिसी लागते.

वॉरंटीचा सगळ्यात अवघड प्रश्न

खरा त्रास इथे आहे. वॉरंटी कंपनीची असते, कुठल्याही अधिकृत डीलरने काम करायचं असं कागदावर असतं, पण जवळचा डीलर सरळ सांगतो की आमच्याकडून न घेतलेल्या गाड्यांची कामं आम्ही घेत नाही, किंवा घेतो पण दोन महिन्यांनी. म्हणून डिपॉझिटच्या आधीच घराजवळच्या त्या ब्रँडच्या सर्व्हिस सेंटरला फोन करा, विचारा, आणि उत्तर ईमेलवर घ्या. आमच्या भागात दोघांनी नाही सांगितलं, तिसऱ्याने हो म्हटलं. सगळ्यांनीच नाही सांगितलं असतं तर मी घरी येऊन काम करणारा मोबाइल टेक्निशियन शोधला असता आणि कंपनीला आधीच विचारलं असतं की त्याची बिलं चालतील का, कारण बऱ्याच कंपन्यांकडून दुरुस्तीच्या आधी परवानगीचा नंबर घ्यावा लागतो, नंतर बिल पाठवून काही मिळत नाही.

लेमन लॉच्या (वारंवार बिघडणारी नवी गाडी कंपनीला परत घ्यायला लावणारा राज्याचा कायदा) भरवशावर तर अजिबात राहू नका. कारसाठी तो चांगला आहे, पण बऱ्याच राज्यांत ओढायच्या ट्रेलरला लागूच होत नाही, आणि जिथे आरव्ही बनतात त्या इंडियानाच्या लेमन लॉमधून मोटरहोमसुद्धा वगळलेत. वॉरंटीबद्दल १९७५ चा मॅग्नसन-मॉस हा केंद्राचा कायदा आहे, त्याचा उपयोग होतो, पण त्यासाठी वकील, पत्रं, महिने. शिवाय वॉरंटीच्या पुस्तकात खटला इंडियानातच चालवावा लागेल अशी अट असू शकते, ते पान आधी मागवून वाचा.

तपासणीचा दिवस

डीलर एक दीड तासाचा वॉकथ्रू देतो, हे बटण इथे, ते बटण तिथे. ती तपासणी नाही. आरव्ही तपासणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना आहे, एनआरव्हीआयए, तिथला प्रमाणित माणूस आपल्या पैशाने लावा, डीलरला आधी सांगून. आणि डीलरला लेखी कळवा की आदल्या दिवशी ट्रेलर ३० अँपच्या विजेला जोडलेला हवा, गॅस भरलेला हवा, पाण्याची सोय हवी आणि फ्रिज चालू करून ठेवलेला हवा. गॅसवर चालणारा फ्रिज थंड व्हायला बारा तासांच्या वरही लागू शकतात, सकाळी जाऊन चालू केला तर तो चालतो की नाही कळणारच नाही.

तपासणीवाला असला तरी काही गोष्टी मी स्वतः केल्या आणि तुम्हीही करा. पंप चालू करून सगळे नळ बंद करा आणि शांत उभे राहा, पंप मध्येच गुरगुरला तर कुठेतरी गळतंय. मग बाहेरच्या नळाचं पाणी लावून तेच. सिंक बूच लावून काठोकाठ भरा आणि एकदम सोडा, खाली कपाटात हात घालून ओल बघा, आमच्याकडे इथेच पकडलं, ड्रेनचा नट हाताने फिरत होता. स्लाइड दोनदा आत-बाहेर, रबराची पट्टी कुठे दुमडते का ते बघत. छतावर चढून प्रत्येक व्हेंट, अँटेना, एसीच्या भोवतीचं सीलंट बोट फिरवून बघा. आरव्हीचा खरा शत्रू पाणी, छोट्या फटीतून आत गेलं की भिंतीचं लाकूड आतून कुजतं आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. एसीच्या तोंडाची हवा आणि परत जाणारी हवा यांत १५ ते २० डिग्री फॅरनहाइटचा फरक हवा. पाणी तापवायचा हीटर गॅसवर आणि विजेवर दोन्ही चालवा, पण टाकीत पाणी भरलंय याची खात्री झाल्यावरच, कोरड्या टाकीत विजेचा एलिमेंट लगेच जळतो. गॅसचे सांधे साबणाच्या पाण्याने. पुढची ब्रेकअवे पिन (ट्रेलर ट्रकपासून सुटला तर ब्रेक लावणारी) खेचून चाकं जाम होतात का. टायरवर छापलेल्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे बघा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, आमचा एक टायर बाकीच्यांपेक्षा दोन वर्षं जुना निघाला, का ते कोणी सांगू शकलं नाही, पण बदलून दिला.

आमची यादी अकरा गोष्टींची झाली. डीलरचा माणूस हसून म्हणाला, या बारीकसारीक गोष्टी तुमच्या घराजवळ वॉरंटीत होऊन जातील, आज पेपर करून टाकू. इथेच गडबड होते, कारण तुम्ही सातशे मैल आलेले, रजा संपत आलेली, बायको-मुलगा कंटाळलेले, आणि हो म्हणावंसं वाटतं. मी म्हटलं आम्ही दोन दिवस थांबतो, तुम्ही करा, मग सही. थोडी नाराजी झाली, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत दहा गोष्टी झाल्या. अकराव्याचा भाग यायचा होता, ऑनिंगचा (दाराबाहेरच्या कापडी छपराचा) एक हात, त्याचं त्यांच्या लेटरहेडवर लिहून घेतलं, काय देणं आहे, कधी, कोणाच्या खर्चाने. तोंडी शब्द नको. म्हणून जाताना परतीच्या रजेत दोन दिवस जास्तीचे ठेवाच.

पहिल्या रात्री लांब जायचं नाही

पैसे देऊन झाले की थेट घरी निघू नका. डीलरपासून पाच-दहा मैलांवरच्या कॅम्पग्राउंडला दोन रात्री राहा आणि घरी राहता तसं राहा. आंघोळी करा, वरण-भात लावा, फोडणी करा, स्मोक अलार्म लगेच कोकलतो, पंखा आणि खिडकी आधी उघडायची हे तिथेच शिकलो. रात्री हीटर लावा. आम्हाला पहिल्या रात्री कळलं की बेडरूमकडच्या बाजूला गरम हवाच येत नाही, पाइप सुटलेला होता, सकाळी परत नेला, अर्ध्या तासात झालं. तोच पाइप घरी आल्यावर सापडला असता तर दोन महिने.

प्रेशर रेग्युलेटर, पिण्याच्या पाण्याचा पांढरा होज, सांडपाण्याचा होज, चाकांना लावायचे ठोकळे, ३० अँपचा सर्ज प्रोटेक्टर हे सामान घरूनच घेऊन जा, डीलरच्या दुकानात दीडपट-दुप्पट पडतं. वेट डिस्ट्रिब्युशन हिच (ट्रेलरचं वजन ट्रकच्या पुढच्या चाकांकडेही वाटणारा) मात्र डीलरकडूनच बसवून, ट्रक आणि ट्रेलर दोन्ही सपाट उभे आहेत का ते बाजूने बघून घ्या.

परतीला इंडियाना आणि ओहायोचा टोल रोड सपाट आहे, हात बसायला चांगला, पुढे पेनसिल्व्हेनियात आय-८० वर खरे चढउतार येतात, क्लिअरफील्ड काउंटीत २२५० फुटांचा माथा आहे, तिथे उतारावर गियर खाली घ्या, सतत ब्रेक दाबून ठेवू नका. ६० ते ६५ च्या वर जायचं नाही, बऱ्याच ट्रेलरच्या टायरची मर्यादाच ६५ ची असते. चाकांचे नट पहिल्या ५० मैलांत दोन-तीनदा टॉर्क रेंचने बघा, नवीन चाकं बसतात तसे ते सैल होतात. दर थांब्याला हात जवळ नेऊन हब (चाकाचा मधला भाग) तापलेत का ते बघा. जीपीएसला उंची सांगा, न्यूयॉर्कच्या पार्कवेवरचे पूल खूप खाली आहेत आणि तिथे ट्रेलरला बंदी आहे. बाल्टिमोरच्या बोगद्यांतून गॅसचे सिलिंडर असलेला ट्रेलर नेता येत नाही, त्या बाजूने येणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

घरी पोचल्यावर दोन कामं त्याच आठवड्यात. फ्रिज, एसी, हीटर, टायर, प्रत्येकाची वॉरंटी वेगळ्या कंपनीची असते आणि वेगळी नोंदवावी लागते, सिरियल नंबरचे फोटो काढून एका संध्याकाळी बसून सगळ्या करून टाका. दुसरं टायटल, म्हणजे मालकीचा कागद. लांबच्या डीलरने दिलेल्या टेम्पररी टॅगवर (तात्पुरती नंबरप्लेट) शेवटची तारीख असते आणि त्यांच्याकडून कागद यायला आठवडे लागतात, आमच्या वेळी दोनदा चुकीचा फॉर्म आला. तारखेच्या दहा दिवस आधीचा अलार्म लावा, आणि तोपर्यंत कागद हातात आले नसतील तर रोज फोन करायचा, ईमेलची वाट बघायची नाही.